खडकाला कान

प्रिय अण्णा,

काल तुझं वर्षश्राद्ध झालं. कावळा लगेच शिवला, म्हणजे तुझं काही राहिलं नव्हतं. माझं राहिलंय, म्हणून लिहितेय. आज सकाळी वहिनीला घेऊन मी आपल्या खडकावर गेले होते.

आठवतंय ना? आनेकलच्या बसने शेवटपर्यंत जायचं, रागीच्या शेतांतून चालायचं आणि त्या काळ्या खडकाला कान लावून पालथं पडायचं. आत खोल कुठेतरी पाणी वाहताना ऐकू यायचं. मी फ्रॉकमधली, तू कॉलेजातला. "स्वल्प गप्प, बेबे. श्वाससुद्धा हळू." आणि परतताना गळ्याची शपथ, की कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही.

मी पाळली रे. लग्नानंतर नवऱ्याने कितीदा विचारलं, तुम्ही भाऊबहीण रविवारी कुठे गायब होता? आनेकलला लांबची मावशी आहे म्हणाले. नसलेल्या मावशीचे गुडघेसुद्धा दुखायला लावले मी. पुढे आपलं जाणं थांबलं, तरी शपथ तशीच.

आता तू नाहीस, तर वहिनीला तरी तुझी ती जागा दाखवावी असं वाटलं. टॅक्सीत तिला दमही दिला, की बाहेर बोलायचं नाही.

उतरलो तर रागीच्या शेतात पार्किंग. बस, मोटारी, मक्याची कणसं, स्पीकरवर गाणी. खडकाभोवती दोरी, आणि कान जिथे टेकवायचा तिथे पांढरा गोल रंगवलेला. पाळी आली की कान टेकवायचा, फोटो काढायचा, उठायचं. त्या गाण्यांत पाणी कुणाला ऐकू येणार? पण विचारतंय कोण!

"ही होय तुझी जागा?" वहिनी म्हणाली. "अगं, इथे मी कितीदा आलेय. रिटायर झाल्यावर हे दर रविवारी माणसं घेऊन यायचे. टोपी घालून. तुला बोलले नाहीत?"

नाही बोललास. टोपी, अण्णा?

तेवढ्यात रांगेतल्या एका मुलीच्या मोबाइलवरच्या व्हिडिओतून तुझा आवाज आला. "स्वल्प सुम्मने इरी." मला म्हणायचास तेच, फक्त कन्नडमध्ये आणि सगळ्या जगाला. मी दोरी धरून उभी राहिले. माझ्याकडे तुझा आवाज नाही रे. फोनमध्ये तू पाठवलेली गुड मॉर्निंगची फुलं आहेत तेवढी. तिला म्हटलं, हे मला पाठवशील? ती गोड हसली. "आंटी, ये तो सबके पास है," म्हणाली आणि पाळी आली म्हणून पुढे गेली.

सगळ्यांकडे आहे. मी सोडून.

चार माणसं जमवून बोलायची तुला हौस होती, ते कळतं मला. पण मग मला का नाही बोलावलंस? शपथेत बांधून ठेवायला मी एकटीच सापडले? त्या पोरांवर रागवून काय करू, ती काय तुडवताहेत हे त्यांना कुठे ठाऊक होतं. तुला ठाऊक होतं. तू मला फसवलंस, आणि वर निघून गेलास. भांडूसुद्धा दिलं नाहीस.

घरी आले तर नवऱ्याने विचारलं, "मावशीचे गुडघे कसे आहेत?"

"तसेच," म्हटलं.

बघ, मी अजून पाळतेच आहे. आणि आता आणखी एक शपथ घेते. मी दुसरी जागा शोधीन. तिथेही कान लावून पडेन, श्वास हळू करून. पण कुठे, ते या वेळी तुलासुद्धा सांगणार नाही.

तुझी,
बेबी