पुलाचा दांडा

२६ फेब्रुवारी १९१७
हुकूम आला, पूल उचलला. तेवीस वर्षं हेच करतोय — लोखंडी दांडा खाचेत घालायचा, चक्र फिरवायचं, पुलाचे दोन्ही भाग वर. पलीकडच्या कारखान्यांतली माणसं पाव मागायला शहरात येऊ नयेत म्हणून, म्हणे. अरे, पण नदी गोठलीय! आले सगळे बर्फावरून. त्यात माझी पोर ग्लाफिराही होती. वर बघितलंसुद्धा नाही तिनं.

२७ फेब्रुवारी
ग्लाफिराच्या शेजारच्या यंत्रावर काम करणारी उस्तिन्या काल बर्फ फुटून पाण्यात गेली. जिवंत काढली. पाय मात्र काळा पडलाय.

९ मार्च
झार गेला. उस्तिन्याचा पायही गेला, गुडघ्यापासून. ग्लाफिरा आपली ट्रंक न्यायला आली. मी म्हणालो, पोरी, हुकूम होता. "हुकूम त्यांचा, पण हात तुमचा होता ना, बाबा." चहा तसाच ठेवून गेली. आई नसलेली एकुलती एक पोर, तीही गेली. नोकरी सांभाळली, एवढंच हातात राहिलं.

६ ऑक्टोबर
कोबी खारवला. ही होती तोवर ही करायची, नंतर ग्लाफिरा. यंदा मीच. मीठ हात सोडून पडलं बहुतेक.

२४ ऑक्टोबर
सकाळी पावाच्या रांगेत कुजबुज — बोल्शेविक आज-उद्यात सरकार पाडणार, म्हणून सरकार सगळे पूल उचलणार. घरी आलो. मग दांडा उचलला आणि कोबीच्या पिंपात तळाशी खुपसला. तेवीस वर्षांत असं केलं नव्हतं.

दुपारी अधिकारी आला, सोबत वीसेक लष्करी विद्यार्थी, मिसरूडही न फुटलेले. पूल उचल म्हणाला. मी म्हणालो, दांडा हरवलाय. पिस्तूल दाखवलं. मी म्हणालो, साहेब, पिस्तुलानं चक्र फिरत नाही. त्यांनी घर धुंडाळलं. पिंपाचं झाकण उघडलं, वास घेतला, बंद केलं.

तासाभरात पलीकडून बोल्शेविकांचे कामगार आले, दंडाला लाल पट्टी बांधलेले, शे-दीडशे. अधिकाऱ्यानं त्यांच्याकडे पाहिलं, आपल्या पोरांकडे पाहिलं आणि रांग वळवली. एकही गोळी सुटली नाही. सत्ता घेणं म्हणजे काय ते मी आज पाहिलं — समोरचे परत गेले, झालं.

त्या कामगारांत ग्लाफिरा! खांद्यावर बंदूक. तिला पिंप दाखवलं. ती हसली ती हसलीच. कोबी तोंडात टाकला. "अहो बाबा, आई असती तर पिंपासकट तुम्हाला नदीत टाकलं असतं!" चहा प्यायली. दोन ग्लास. दांडा तिथंच राहू दे म्हणाली, आपल्या दोघांतच.

२६ ऑक्टोबर
सरकार पडलं. पावाची रांग तेवढीच आहे.

१९ नोव्हेंबर
ग्लाफिरा वस्तीच्या समितीवर. स्वतःचा शिक्का आहे तिला! कागदावर सही करते ती अक्षरं मी शिकवलेली, पिठावर बोट फिरवून. छाती फुगली, खोटं कशाला लिहू.

११ डिसेंबर
ग्लाफिरा तीन आठवडे आली नाही. कामं असतील.

४ जानेवारी १९१८
उस्तिन्या कुबडीवर ठकठक करत आली, पूल उतरून. देशाची घटना करायला आम्ही निवडून दिलेली सभा उद्या भरतेय, म्हणाली. बोल्शेविकांना तिच्यात बहुमत नाही, ते ती चालू देणार नाहीत असं ऐकलंय. म्हणून अर्धा कारखाना सभेच्या पाठीशी मोर्चा काढणार. तीसुद्धा. मी म्हटलं, एका पायावर? "मत दोन्ही हातांनी टाकलंय, नाझारकाका. आणि यंदा पूल खाली आहे ना?" आहे म्हणालो. ग्लाफिरा येणार का विचारलं. उस्तिन्यानं माझ्या कोबीला नावं ठेवली आणि गेली.

५ जानेवारी
सकाळी दोन लाल पट्टीवाले आले, पूल उचलण्याचा हुकूम घेऊन. मी म्हणालो, दांडा हरवलाय. त्यातला एक हसला नाही, रागावलाही नाही, कागद उलटून मागचं वाचू लागला. अक्षर ग्लाफिराचं : "हरवला म्हणतील. कोबीच्या पिंपात तळाशी पाहावे."