चवीपुरतं

४ फेब्रुवारी

ऑपरेशन नाही! डोळ्यांच्या सर्जननी रिपोर्ट बघितला आणि फाइल परत माझ्याकडे सरकवली. तीन महिन्यांची साखर ९.४. साडेसातच्या आत आणा, मग मोतीबिंदू काढू. परवाच बोटातून तपासली तेव्हा ११८ होती, असं मी सांगितलं. त्यासाठी चार दिवस रात्रीचं जेवण सोडलं होतं, ते नाही सांगितलं.

मालकांना काय तोंड दाखवू? केकवर नावं छापायचं यंत्र त्यांनी आणूनच ठेवलंय. जूनपर्यंत डोळे नीट झाले नाहीत तर नावं यंत्र लिहिणार आणि मी जाणार भट्टीवर. उभा जन्म लोकांच्या वाढदिवसाची नावं लिहिण्यात गेला, आता पाव भाजायचे!

५ फेब्रुवारी

लॅबवाले चोर. दुसऱ्या कुणाचं तरी रक्त माझ्या नावावर खपवलंय.

८ फेब्रुवारी

दुसऱ्या लॅबमध्ये दिलं. ९.३.

११ फेब्रुवारी

नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी समजावलं. रक्तातल्या तांबड्या पेशींना साखर चिकटते. पेशी तीनेक महिने जगते, तोवर ती साखर काही सुटत नाही. म्हणून या तपासणीत सगळ्या दिवसांची सरासरी कळते, आणि माझी निघते २२० च्या वर. चार दिवस उपाशी राहून ती फसत नाही. बरं, पाक करपून पातेल्याला बसला की नुसतं पाणी फिरवून भागत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. पण मी गोड खातच नाही, तर चिकटली कुठून? चहासुद्धा बिनसाखरेचा.

तेवढ्यात ही बोलली. ही आमच्याच बेकरीत खोकी भरते, म्हणजे घरात हिची नजर आणि कामावरही हिचीच. म्हणाली, "दिवसभर यांच्या तोंडात क्रीमचा चमचा असतो."

मी म्हटलं, ती चव. चव न बघता क्रीम पुढे पाठवणारा एक कारागीर दाखवा मला. ते काम झालं, खाणं नव्हे. डॉक्टरीणबाई हसल्यासुद्धा नाहीत. "काका, तुमच्या रक्ताला तुमची नोकरी कळत नाही," म्हणाल्या.

बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं. पार अब्रू काढली हिने.

१२ फेब्रुवारी

चव बंद. तोंडाला कुलूप.

१९ फेब्रुवारी

लोणी खवट होतं. मला काय कळणार, चाखलंच नाही तर! तीन मजली केक परत आला. मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, डोळे गेले, आता जीभही गेली का. खोकी भरणाऱ्या बायका फिदीफिदी हसल्या. ही हसली नाही, पण मान खाली घालून बसली. तेही मला लागलं.

२० फेब्रुवारी

तोड काढली! यापुढे चव ही बघणार. माझा चमचा हिनेच काढून घेतला ना? मग निस्तर. क्रीमचं भांडं तयार झालं की हाक मारायची, खोकी टाकून हिने यायचं, चाखायचं आणि कमी-जास्त सांगायचं. जीभ चांगली आहे हिची. हे मी तिला सांगणार नाही.

१७ मार्च

आज चाखायला नको म्हणाली. तोंड गोडमिट्ट झालंय, मळमळतंय. मी म्हटलं, आणि माझं इतकी वर्षं काय कडू होतं? आला मोठा नाजूकपणा. मग चाखलं मुकाट्याने.

३ एप्रिल

मालक यंत्र पुसत होते. शीळ घालत! जिवाचा नुसता संताप झाला.

२६ एप्रिल

पथ्य मी पाळतो, रोज चालायला मी जातो, आणि बारीक ही होते! बायका कौतुक करतायत, काय करतेस म्हणून विचारतायत. ब्लाउज सगळे सैल झालेत म्हणे. माझा पट्टा आहे त्याच भोकावर. नशीबच फुटकं.

१४ मे

७.२! सरासरी १६० पर्यंत उतरली. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. रिपोर्ट नेऊन मालकांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी यंत्रावर फडकं टाकलं. फार बरं वाटलं.

हिला सांगितलं, तर "झालं एकदाचं" एवढंच म्हणाली आणि खोक्यांच्या ढिगाला टेकून बसली. नवऱ्याचं चांगलं झालं तरी हिच्या तोंडावर उजेड नाही.

२२ मे

पट्टी निघाली. सगळं लख्ख दिसतंय. समोर ही उभी होती. गालफडं बसलेली, ओठ सुकलेले, गळ्याची हाडं वर आलेली. तिथूनच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. संध्याकाळी रिपोर्ट मिळाला. तीन महिन्यांची साखर ११.१. आधीपासून थोडी असणार म्हणाल्या, पण एवढी नसावी.

अंगात काहीतरी बिघडलंय हे कळत होतं, तर बोलली का नाहीस, असं विचारलं.

म्हणाली, "तुमची साडेसातच्या आत यायची होती ना."