मागची फळी

फुलचूर, गोंदिया

बेटी टीना,

लाकूड कापायच्या आरामशीनवर कान गेले, तरी तुझे बाबा छपरीत तुझ्यासाठी गिटार बनवून राहिले. ती कशी वाजते, हे ते मलाच विचारत. तार खरखरायची, पण त्यांचं दमलेलं तोंड पाहून मी दोनदा खुणेनं "चांगली" म्हणून सांगितलं. दिवाळीत तू नागपूरहून आलीस आणि खरं काय ते सांगून गेलीस. तुझं काही चुकलं नाही. ते मला एवढंच म्हणाले, "टीनाची माय, तू काऊन खोटी बोलली?"

त्यांनी मागची फळी काढून आतल्या पट्ट्या पुन्हा तासल्या आणि फळी चिकटवली. काल मी तारा छेडल्या. या वेळी आवाज खरंच मोकळा निघाला. मी सांगितलं, तर ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले आणि फळी उघडायला सुरी गरम करू लागले.

तुला बोलावलं तर ते तुझं ऐकतील. पण मग या घरात माझ्या शब्दाला काही किंमत उरणार नाही. म्हणून हे पत्र माझ्या कपड्यांच्या पेटीतच राहील.

मी फार थकली, बेटी. ते फळी खोलत होते, तेव्हा गिटार हलू नये म्हणून मीच ती दोन्ही हातांनी धरून बसली होती.

तुझी माय,
जमुना