वस्तू स्वतः येऊन न्यावी

ती. स्वरूपदादास,
ज्ञानेश्वरीचा नमस्कार.

सगळ्यात आधी माफ कर. ऱ्हस्व-दीर्घ मला नववीतही जमलं नाही आणि आता नववी सोडून दोन वर्षं झाली, तेव्हा वेलांट्या जिकडे तोंड करून बसल्या असतील तशाच वाच. टाईप मी एका बोटानं करते. अंगठा चालत नाही, कारण काजूच्या कलमांना पट्टी बांधून बांधून त्याला असा घट्टा पडलाय की तो लागला तरी फोनला कळतच नाही. हे पत्र आज तिसरा दिवस चाललंय. मध्येच सकाळची दुपार झाली तर घाबरू नको, मी जेवायला उठले असेन.

आत्याचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं जिने चढू नको. (तुम्ही चौथ्या मजल्यावर राहता हे माहीत आहे, तरी सांग.) इथे सगळी बरी आहेत. बाबा जयगडला बंदरावरच असतात, पंधरा दिवसांनी येतात, येताना सुके बांगडे आणतात आणि एक दिवस झोपतात. आईचं बरं आहे. माझं तर फारच बरं आहे, त्याचंच हे पत्र. रघूकाका म्हणाला, रविवारी तुझ्या लिलावाच्या ग्रुपवर दोनशे चौदा मेसेज कसे काय झाले ते अ‍ॅडमिनला कुणीतरी नीट कळवलं पाहिजे, आणि ज्याच्यामुळे झाले त्यानंच कळवावं. म्हणजे मी.

तू गेल्या गणपतीत ग्रुप काढलास ते फार चांगलं केलंस. घराघरात पडलेलं सामान फोटो काढून टाकायचं, रविवारी अकरा ते बारा बोली लावायची, जास्त बोलेल त्याची वस्तू. तुझे अकरा नियम गोपाळकृष्ण गुरुजींनी स्वतः मोठ्या अक्षरात लिहून देवळाच्या फळ्यावर लावलेत. (पहिला नियम, ग्रुपवर सुप्रभात आणि देवांचे फोटो टाकू नयेत, तो लोकांना इतका आवडला की सगळ्यांनी हात जोडलेले गणपती टाकून त्याचं स्वागत केलंनी.) मला हा ग्रुप आवडतो कारण त्यात तोंड उघडायला लागत नाही. तुला माहीत आहे, मला चार माणसांत कुणी नाव विचारलं तरी मी आईकडे बघते. शाळा सुटली त्याला सावर्ड्याची एसटी हे कारण सगळ्यांना सांगितलंय, पण एसटीपेक्षा उभं राहून वाचायला लावायचे ते जास्त कारण होतं. नर्सरीत तसं नाही. रोपं काही विचारत नाहीत.

तर त्या रविवारी रघूकाकानं ग्रुपवर आजोबांची पेटी टाकलीन.

तीच, भजनाची. पडवीत कोपऱ्यात असायची. मंडळाकडे आता नवी पेटी आली, आणि काकाला त्या कोपऱ्यात फ्रीज हवाय. त्यानं फोटोखाली लिहिलंन, "जुनी पेटी, आवाज खणखणीत, झुरळांसकट." मला नर्सरीत फोटो दिसला आणि हातातली डोळकाडी (कलमाला बांधायची फांदी) खाली पडली.

दादा, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. ती पेटी मी दोन वर्षं वाजवतेय. म्हणजे वाजवत नाही. दुपारी कामावरनं आले की काका पडवीत झोपलेला असतो, तेव्हा मी भाता न उघडता नुसती बोटं चालवते. वारा नसला की पेटी बोलत नाही. कानात फोनवर अभंग लावायचा आणि त्याच्याबरोबर पट्ट्या दाबायच्या, नुसता टकटक आवाज येतो, काकाला वाटतं पाल आहे. असे सात अभंग मी बसवलेत. ते माझ्या हातचे मी कधी ऐकलेले नाहीत, पण बोटांना येतात. (तू म्हणशील मागून घ्यायची पेटी. मागायला बोलावं लागतं.)

म्हणून म्हटलं, बोली लावू. माझ्या नंबरावरनं नाही, नर्सरीचा एक जुना फोन आहे, त्याच्यावर मालकांनी काजूचा फोटो लावलाय आणि नाव नुसतं "काजू". मालकांना विचारलं, ते हसले आणि हो म्हणाले. सहाशेपासून सुरुवात होती. मी "सातशे" टाईप करेपर्यंत मुकुलनं, आपल्या टेम्पोवाल्यानं, नऊशे केलंन. मी नऊशे पन्नास लिहिलं, पाठवलं, तोवर गुरुजी बाराशेवर गेलेले. नियम चार, चालू बोलीपेक्षा कमी बोली धरणार नाही. लोक लिहायला लागले, "हा काजू उलटा का चाललाय?" "काजूला रिव्हर्स गिअर हाय काय?" मला कलमांच्या मागे लपावंसं वाटलं, तिथे कुणी नव्हतं तरी.

गुरुजींनी पंधराशेला पेटी घेतली. मला रडू आलं. आणि लगेच गुरुजींनी लिहिलंन, "देवाला परत. पुन्हा बोला."

आता तू म्हणशील हे कुठल्या नियमात आहे. दादा, तुझ्या नियमात नाही, पण आपल्या देवळात सप्ता संपला की नारळाचा लिलाव होतो तेव्हा कसं करतात? ज्याला मिळतो तो पैसे देतो आणि नारळ देवापुढे परत ठेवतो, की परत बोली, तोच नारळ दहा वेळा फिरतो. घरी घेऊन जाणारा कंजूष ठरतो. पेटी पडली आजोबांची, भजनाची, गुरुजींना वाटलं घरी नेली तर बरं दिसणार नाही. काकाला पण त्यात काही चुकलंसं वाटलं नाही, त्यानं लिहिलंन, "बोला, परत सहाशे!" मग मुकुलनं सोळाशेला घेतलीन. त्यानंही परत दिलीन, गुरुजींपेक्षा आपण कमी नाही म्हणून. अ‍ॅडमिन म्हणून तू थांबवलं असतंस, पण तू कुणाच्या तरी लग्नात होतास आणि तुझा फोन आत्याकडे. दोघांनी काकाला पैसे पाठवले पण. (काकानं ते दुसऱ्या दिवशी देवळात नेऊन दिले, सोनूकाकीनं त्याला चहा द्यायच्या आधी पाठवलंन.)

या गोंधळात माझं डोकं पहिल्यांदा चाललं. मी ठरवलं, मागे धावायचं नाही. एकवीसशे लिहून ठेवलं आणि नुसतं बोट पाठवायच्या बाणावर धरून बसले. तिसरी फेरी सुरू झाली तोवर अकरा पंचावन्न, रविवार, घराघरात वडे तळायला लागलेले, बोलणारे कमी झाले. अठराशेवर येऊन थांबले. अकरा एकोणसाठला मी बोट टेकवलं. हे बोट, अंगठा नाही.

काजू जिंकला.

आणि काजूनं परत दिली नाही. दादा, त्या दिवशी वाडीत काजूला जे काय म्हणाले ते मी इथे लिहीत नाही. "चिपळूणचा कुणी व्यापारी असेल, आपल्यातला असता तर परत दिलीन असती." हे आमच्याच ओटीवर, माझ्यासमोर, मी तांदूळ निवडत होते तेव्हा. काका म्हणाला, "येऊ दे तर खरा न्यायला. तोंड बघतो त्याचं."

कारण तुझा नियम सात. वस्तू दोन दिवसांत स्वतः येऊन न्यावी, बोली लावलेला फोन दाखवावा, नाहीतर वस्तू दुसऱ्या नंबरच्या बोलीला जाईल. दुसरा नंबर परत मुकुल होता. तो टेम्पोत भजनं भोंग्यावर लावतो, त्याला पेटी टेम्पोत ठेवायची होती, शोभेला! मी नर्सरीतल्या समीक्षाला म्हटलं तू जा. ती म्हणाली, "मला तुझी काकी ओळखते. आणि स्वतः म्हणजे स्वतः."

मंगळवारी पाचला मुदत संपायची. मी कामावरनं आले तर ओटीवर काका दाढी करून, काकीनं पोहे केलेले, गुरुजी आणि मुकुल काजूचं तोंड बघायला बसलेले. मी पुढच्या दारानं पडवीत आले. काका म्हणाला, "मागनं जा गो, गिऱ्हाईक यायचंय." मी मागनं गेले. गोठ्याला वळसा घालून परत पुढनं आले. "अगो, आताच गेलीस ना? वाटेत उभी राहू नको!" परत मागनं गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा पाचला सहा मिनिटं होती आणि माझ्या तोंडातनं काही निघेना, म्हणून मी खांबाला टेकून नर्सरीचा फोन काढला आणि ग्रुपवर टाईप केलं, "आली आहे." त्याला एक मिनिट गेलं.

काकाचा फोन वाजला. "आली म्हणतंय. बाई हाय काय हा काजू?" चौघं उठून माझ्या डोक्यावरनं रस्त्याकडे बघायला लागली. रस्त्यावर कोंबडी होती. मी परत टाईप केलं, "पडवीत."

मग काकानं फोन बघितलान, पडवी बघितलीन, आणि मला बघितलंन.

मी फोन पुढे केला. मुकुल पहिला हसला. काका म्हणाला, "तुला हवी होती तर सांगायचंस ना, येडे!" तर काकी म्हणाली, "सांगितलंन की. सगळ्या ग्रुपवर सांगितलंन. तुम्हीच तिला उलटी चालते म्हणालात." काका पैसे घेईना. मी हातात धरून उभी. गुरुजी म्हणाले, "रघू, घे. नियम सहा, बोली मागे घेता येत नाही. तिनं कमावलेत." घेतलेन. घेताना त्याचं तोंड जरा वेगळं झालं होतं, मग लगेच म्हणाला, "आणि नियम नऊ. वाहतूक घेणाऱ्याची. चल, उचल." पडवीतनं माजघरात अकरा पावलं. एका बाजूनं मी, एका बाजूनं मुकुल. त्यानं भाडं मागितलंन, काकीनं पोह्याची बशी हातात दिलीन.

ती सगळी ओटीवर बसली आणि मी माजघराचं दार लावून भाता उघडला.

दादा, मी दचकले. किती मोठा आवाज असतो! दोन वर्षं मी ज्या पट्टीवर सगळ्यात जास्त बोट ठेवलं (गुळगुळीत आहे म्हणून), नेमकी तीच फुटकी, बदकासारखी ओरडते. पण बाकी सगळं बरोबर होतं. पहिला अभंग पहिल्यापासून शेवटपर्यंत बरोबर होता. मला वाटलं होतं बोटांना आपलं असंच वाटतं, पण नाही, त्यांना खरंच येत होतं. संपला. मग काकाचा आवाज, "म्हणजे ती पाल नव्हती?"

तर असं झालं. अ‍ॅडमिन म्हणून कुणाला काढू नको, चूक कुणाचीच नाही. आत्याला नमस्कार.

तुझी बहीण,
ज्ञानेश्वरी

ता. क. मंडळानं मला सप्त्यात पेटीवर बसायला सांगितलंय. देवळात. सगळ्यांच्या समोर. मी नाही म्हणणार होते, पण नाही म्हणायला देवळात जाऊन बोलावं लागतं. तू ग्रुपवर लिही की ज्ञानेश्वरीला जमणार नाही. हे पत्र खरं तर त्याचसाठी आहे.

ता. क. दुसरा. काल गुरुजी येऊन ती फुटकी पट्टी उघडून साफ करून गेले. आता ती पण बोलते. तर वरचं लिहू नको. त्याच्याऐवजी तुझ्या नावानं बारावा नियम टाक: भजनाच्या वेळी पेटी वाजवणाऱ्याकडे कुणी बघू नये, देवाकडे बघावं. नुसतं सांगून कुणी ऐकत नाही, पण फळ्यावर लागलेलं सगळे मानतात (पहिला नियम सोडून). सप्त्याच्या आधी टाक. मग मी बसेन.

थांब, काकाची सानवी ओरडत आलीय, आपल्या मागच्या विहिरीत खवलेमांजर पडलंय, जिवंत आहे, काका टोपली सोडतोय, मी जाते.