सीट कशाची आहे?

आप्पा, दिवाळीपासून आपल्या घरात एकच विषय चालू होता: नवी गाडी कुठली घ्यायची. तुम्ही असता तर "जी चालती ती घे" म्हणून मोकळे झाला असता. पण मी पडलो कारखान्यात मालाची तपासणी करणारा. दिवसभर लोकांच्या कामातले दोष शोधायचे आणि घरी आल्यावर स्वतःच्या विचारातले, असा माझा स्वभाव होऊन बसलाय. रोज सकाळी निपाणीहून बेळगावजवळ मच्छेला कारखान्यात जातो, संध्याकाळी परत येतो. तुम्ही जीप घेऊन बेळगावला जायचात तो रस्ता आता रुंद झाला आहे आणि कुठे ना कुठे खणलेला असतो. जुनी गाडी तवंदीच्या घाटात दम खायला लागली होती. रोज जिच्यात बसायचं ती गाडी नीट निवडावी, एवढंच माझं म्हणणं होतं.

तुमच्या सुनेला तुम्ही पाहिलं नाही. तिचं मत पहिल्या दिवसापासून पक्कं होतं: एसयूव्ही. उंच गाडी, मोठी चाकं, शेताच्या पाणंदीत चिखल असला तरी अडत नाही, गावातल्या हंपवर पोट घासत नाही. माझ्या मनात मात्र सेडान होती, लांब, बसकी, मागे डिकीवाली, जरा ऐपतीच्या पुढची. हायवेला ती रस्ता धरून चालते, वळणावर कलत नाही, दिवसभर उभं राहून पाठ दुखत असली तर आत पाठीला आराम मिळतो, अशी कारणं मी देत असे. ती सगळी खरी होती. पण ऐकून तुमची सून म्हणायची, "तुम्ही गाडी आधी ठरवलीय, कारणं मागनं शोधताय." तिचं खोटं नव्हतं. खरं कारण तुम्हालाच माहीत असायला हवं.

मला अजून समोर दिसतं: मी हायस्कुलात आहे. कोल्हापूरचे ते व्यापारी तुमच्या वखारीत तंबाखू बघायला आले आहेत, आणि दारात त्यांची लांब, काळी गाडी उभी आहे. परत जाताना ते म्हणतात, "चला, तुम्हाला घरापर्यंत सोडतो," आणि आपण दोघं मागच्या सीटवर बसतो. बसायच्या आधी तुम्ही खांद्यावरचा टॉवेल काढता, सीटवर पसरता आणि त्यावर बसता. शेठ म्हणतात, "अहो, बसा की आरामात!" तुम्ही हसून म्हणता, "तंबाखूचं अंग हाय आमचं, गाडी खराब व्हायची." मला लाज वाटते. आपण इतकं दबून का वागायचं, असं मला वाटतं. त्यात तुम्ही मलाही दंडाला धरून त्या टॉवेलावर ओढून घेता, अर्ध्यावर तुम्ही, अर्ध्यावर मी. पण गाडी सुरू झाल्यावर मी लाज विसरतो. बाहेर खडीचा रस्ता आहे आणि आत पोटातलं पाणी हलत नाही. त्या दिवशी मी मनात म्हटलं होतं, एक दिवस अशा गाडीत आप्पांना टॉवेल न घालता बसवीन. तुम्ही थांबला नाहीत, ही गोष्ट वेगळी.

तर गेल्या महिन्यात एका रविवारी आम्ही तिघं बेळगावला शोरूमला गेलो. आईला मुद्दाम नेलं. तिचे गुडघे आता धरतात, तिला चढता-उतरता येतं का ते बघायचं होतं. सुनेनं बरोबर जेवणाचा डबा घेतला होता. हसू नका. दिवस बुडायच्या आत जेवणं मी अजून पाळतो, आणि थंडीच्या दिवसांत कारखाना सुटल्यावर घरी पोचेपर्यंत सूर्य थांबत नाही. मग संकेश्वरच्या अलीकडे गाडी बाजूला लावून मी आत बसूनच जेवतो. म्हणजे माझी गाडी ही माझी जेवणाची खोलीही आहे. तिनं सेडानच्या पुढच्या सीटवर बसून डबा काढला, दोन सीटच्या मधल्या उंचवट्यावर वाटी ठेवून बघितली आणि सेल्समनला विचारलं, "हितं आमटी सांडली तर पुसली जाते का?" तो बिचारा अनुभवी माणूस, मायलेजपासून डिकीपर्यंत सगळी उत्तरं पाठ असलेला. त्यानं खिशातला रुमाल काढला आणि तो उंचवटा पुसून दाखवला.

आईनं दारातून आत हात घातला, सीटवरून फिरवला आणि तो तसाच मागं घेतला. "ह्ये लई मऊ लागतंय. कशाचं हाय रं?"

मी सेल्समनला विचारलं, "सीट कशाची आहे?"

त्याला वाटलं, मला मालाबद्दल शंका आहे. त्याचा चेहरा खुलला. "सर, एकदम ओरिजिनल लेदर! हात लावून बघा, वास घ्या. ह्यात डुप्लिकेट काय न्हाईच."

आई त्याच्याकडे वळली आणि दोन्ही हात हलवत कन्नडमध्ये म्हणाली, "ब्याड्री, ब्याड." नको हो, नको. मग मला म्हणाली, "तुला घ्यायची तर घे. मी यष्टीनं जाईन."

मी गाडीच्या इंजिनापासून दिव्यांपर्यंत सगळं वाचून गेलो होतो. आपल्या घरात जन्मून हा एक प्रश्न विचारायचं मला सुचलं नव्हतं. सेल्समन गोंधळला होता. मी त्याला सांगितलं, आम्ही जैन, आई चामड्यावर बसत नाही. तो म्हणाला, "ह्या गाडीत सगळ्या मॉडेलना लेदरच येतंय. वरनं कव्हर घालून देतो की आज्जी, कापडाचं!" आई म्हणाली, "वरनं कव्हर घातलं म्हणून खालचं बदलतंय व्हय, बाबा?" त्याला हसू आलं, मलाही आलं. पण आईला वगळून घेतलेली गाडी मला नको होती, आणि ती गाडी मला हवीच होती.

घरी आल्यावर आई स्वयंपाकघरात भाकरी करत होती. मी ओट्याशी उभा राहून, जरा कुरकुरतच, म्हणालो, "आप्पा बसले होते की त्या शेठच्या गाडीत." ती तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "बसले हुते. टॉवेल घालून."

"तो तंबाखूचं अंग म्हणून."

"तुला तसं वाटलं व्हय?" तिनं भाकरी उलटली. "घरी आले आन टॉवेल थेट धुवायला टाकला. मला म्हणाले, चामड्यावर बसून आलो, पर त्यो माणूस एवढ्या मायेनं बस म्हणतोय, त्याला कुठं दुखवायचं?"

आप्पा, मी इतकी वर्षं तुम्हाला त्या सीटवर दबलेला माणूस म्हणून पाहत आलो. आता विचार करतो तर सगळं समोरच होतं. माझ्या अंगाला कुठला तंबाखू? मी तर शाळेचा धुतलेला शर्ट घालून आलो होतो. मग मला का ओढलंत टॉवेलावर? तुम्ही तुमचा नेम पाळलात आणि स्वतःला मळका म्हणवून घेऊन तो झाकलात, म्हणजे समोरच्याला आपल्या गाडीचा संकोच वाटू नये. पण तपासणीची सवय मला इथंही सोडत नाही. टॉवेल घातला म्हणून खालचं बदलत नाही, असं आईच म्हणते. मग तुम्ही नेम पाळलात की मोडलात? आणि मी कारखान्यात रोज पायात घालतो ते सेफ्टी शूज कशाचे आहेत, हे मी आजवर का विचारलं नाही? विचारलं. चामड्याचे निघाले. दुसऱ्या मटेरियलचे मागवून घेतले आहेत, जरा चावतात. नेमाच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मिळालेलं नाही. एवढंच कळतं की तुम्ही मला वाटलात त्यापेक्षा ताठ होता, आणि त्याहून जास्त मऊ.

त्यानंतर निवड अवघड राहिली नाही. पुढच्या रविवारी आम्ही एसयूव्ही बघितली. सेल्समन हळूच, कमीपणा सांगावा तसा म्हणाला, "सर, ह्यात मात्र ओरिजिनल न्हाई. रेक्झिनच म्हणा." आई म्हणाली, "मग आधी हीच दावायची की!" पायरीवर पाय ठेवून, वरच्या दांडीला धरून ती चढली, बसली आणि काचेतून इकडेतिकडे बघत म्हणाली, "जीपवानी हाय. सगळं दिसतंय." टॉप मॉडेलच्या स्टिअरिंगला चामडं गुंडाळलेलं असतं हे मी या वेळी आधीच विचारून ठेवलं होतं, म्हणून खालचं मॉडेल मागितलं. सेल्समननं सुनेकडे बघितलं. ती म्हणाली, "माझ्याकडं बघू नका. आमच्याकडं असंच असतंय."

गाडी घरी येऊन आठवडा झाला. वळणावर ती जरा कलते. पण डबा मांडायला जागा ऐसपैस आहे, आणि बसल्या जागेवरून उसाच्या तुऱ्यांपलीकडं बुडणारा सूर्य दिसतो, त्यामुळं घास किती भराभर घ्यायचे ते कळतं. काल आईला स्तवनिधीला दर्शनाला नेऊन आणलं. ती पुढं बसली होती आणि वाटभर समोरून कोण येतंय ते मला सांगत होती. सून मागून म्हणाली, "आता ह्यांना डोळ्यांची गरज न्हाई." मी सुखात आहे आप्पा. हे लिहिताना तपासून पाहिलं, खरंच आहे.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही. टाकायला जागा असती तरी टाकलं नसतं, कारण आई तिथं येईल तेव्हा तुम्ही तिला हे पुढचंही वाचून दाखवाल. एसयूव्हीचं बुकिंग केलं त्या दिवशी, आई आणि सून आत चहा घेत असताना, मी सेल्समनला म्हणालो, ती सेडान एकदा चालवून बघू का. घेणार नव्हतो, हे मला माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं, आणि त्याच्या चेहऱ्यावर आशा दिसत होती, ती मी तशीच राहू दिली. सीट कशाची आहे तेही माहीत होतं. बसलो. खाली काही घातलं नाही. गावाबाहेर, हिंडलग्याच्या थोडं पुढं तो म्हणाला, "सर, हितनं फिरवून घेऊया." रस्ता मोकळा होता. मी म्हणालो, "जरा पुढं जाऊ," आणि वळवली नाही.