विभूतीची बाजू

१२ फेब्रुवारी २००१, सोमवार

पिराजीच्या जीपला आज नवं फ्लायव्हील, इंजिनामागचं ते जड चाक, बसवलं. बसवायचं नव्हतं! कंपनीचं आण म्हणून दहादा सांगितलं, तर हा पठ्ठ्या लोकल घेऊन आला. आणि तेही कुठलं? विरूपाक्षाच्या शेडमधलं. उद्यमनगरात चाकं करणारे एवढे, ह्याला नेमका माझाच धाकटा भाऊ सापडला. परत नेऊन दे म्हटलं. तर म्हणतो, "मिस्त्री, भांडान तुमचं दोघांचं. माझ्या इंजनाला त्यात कशाला वढताय?"

घेतलं.

चाक वेगळं आणि त्यावर चढवायची दात्यांची रिंग वेगळी, दोन्ही तारेनं बांधलेली. तार सोडली तर रिंगेच्या एका बाजूला विभूतीचे तीन पट्टे. खालचा पट्टा शेवटाला वाकडा! आव्वाचं, आमच्या आईचं, एक बोट मोडून तसंच जुळलंय, तिचा तिसरा पट्टा कायम असाच येतो. लग्न होईपर्यंत रोज माझ्या कपाळावर होता तो. वाटणीत बाबांचं लेथ विरूकडं गेलं आणि आव्वाही तिकडंच राहिली. सहा वर्षं मी तो उंबरा ओलांडलेला नाही. दिसलीच तर कुणाच्या लग्नात, लांबून.

शेडमधल्या सगळ्याच मालाला लावत असेल.

रिंग फुगावी म्हणून तापवली. नेहमीसारखी चाकावर उतरवली असती तर पट्टे आत, इंजिनाकडच्या अंधारात जाणार होते. मन झालं नाही. रिंग पलटली आणि पट्टे माझ्या बाजूला ठेवून बसवली. राखच ती, तापवून काय जाणार आहे?

१३ फेब्रुवारी

सकाळी सातलाच पिराजी दारात. सेल्फ मारला की खर्रर्र! जात्यात खडे घातल्यासारखं. चार-पाचदा मारावं तेव्हा एकदा इंजिन लागतं. "मिस्त्री, मलकापूरच्या स्टँडवर पावणं हसाय लागल्यात. वडापची गाडी हाय, शिटा भराय लागत्यात, अशी वरडाय लागल्यावर कोन बसंल?"

सेल्फची मोटर खोलली. बुश झिजलेलं होतं, बदललं. वाटलं, संपलं.

१४ फेब्रुवारी

नाही संपलं. खर्रर्र!

१५ फेब्रुवारी

आज मोटरची पिनियनच नवी टाकली. ह्या छोट्या चाकाचे दाते मोठ्या रिंगेत अडकतात आणि इंजिन फिरतं. तरी तेच. मोटरखाली पत्र्याची पट्टी घालून पाहिली, मग काढून पाहिली. बॅटरी दुसऱ्या गाडीची लावली. रिंगेचे दाते मोजले, जुन्याला जेवढे तेवढेच. तीस वर्षं हेच करतोय आणि आज मान खाली घालून बसलो.

मग उरलं काय? चाक. चाकच वाकडं असणार!

१६ फेब्रुवारी

बोललो. चहाच्या गाड्यावर, सगळ्यांसमोर. "विरूपाक्षाचं फ्लायविल न्हवं ते, भाकरी हाय भाकरी. सेल्फ खातंय." मलकापूरचे दोन जीपवाले तिथंच उभे होते. तेही विरूकडूनच चाकं करून घेणार होते म्हणे. एकमेकांकडं बघितलं आणि म्हणाले, "मग ऱ्हाऊ दे की."

बोलताना बरं वाटलं. हे खोटं कशाला लिहू? गॅरेजवर येऊन मात्र दुपारपर्यंत एकाही गाडीला हात लावला नाही.

१७ फेब्रुवारी

बायकोच्या, रत्नव्वाच्या, कानावर गेलंच. ताट वाढता वाढता म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं!" अर्धी भाकरी टाकून उठलो.

१८ फेब्रुवारी, रविवार

सापडलं! सापडलं!

सुट्टी असून गॅरेज उघडलं. आधी वाकडेपणाच सिद्ध करायचा म्हणून गिअरबॉक्स उतरवला आणि चाकाला मापाचा काटा लावून फिरवलं. काटा जागचा हलेना. एवढं सरळ चाक कंपनीचंही नसतं. विरूचा हात! बाबांचाच हात तो.

मग दाते नीट बघितले. पिनियन जिकडून शिरते तिकडच्या कडा चावल्यासारख्या झालेल्या. जुनं फ्लायव्हील भिंतीला टेकवलेलं होतं, ते शेजारी आणून ठेवलं. आणि चूक दिसली. दात्यांची एक कड उतरती घासलेली असते, पिनियन अलगद आत शिरावी म्हणून. ती कड इंजिनाकडं पाहिजे. माझी ती माझ्याकडं तोंड करून होती, आणि तिच्यावरच आव्वाचे पट्टे!

शिकाऊ पोरगासुद्धा असं करणार नाही. पट्टे दिसावेत म्हणून मीच रिंग उलटी घातली आणि नाव ठेवलं भावाला.

लाज वाटायला पाहिजे होती. वाटलीही. पण खरं सांगतो, त्याच्या आधी जीव भांड्यात पडला. चाक चांगलं आहे! विरूचं चाक चांगलं आहे! एकटाच मोठ्यानं हसलो.

१९ फेब्रुवारी

रिंग तापवून, ठोकून काढली आणि सुलटी बसवली. पट्टे आत गेले. जाऊ देत. आव्वानं ते गाडी चालावी म्हणून लावले, मी बघत बसावं म्हणून नव्हे.

पिराजीनं सेल्फ मारला. एका झटक्यात सुरू! बंद केलं, पुन्हा मारला, पुन्हा सुरू. दहा वेळा. "मिस्त्री, आता लोण्यागत हाय की वो!"

त्याला तसाच गाड्यावर नेला. मलकापूरचे दोघे येईपर्यंत तीन चहा झाले. सगळ्यांसमोर म्हटलं, "चाक बेस हाय. रिंग म्या उलटी बसवलती." एक जण खो खो हसला. हसू दे. दोघे तिथूनच विरूच्या शेडकडं गेले.

२० फेब्रुवारी

मीही गेलो. विरू लेथवर होता. केस पिकलेत त्याचे! मशीन बंद न करताच म्हणाला, "ये की आण्णा."

"चूक माझी हाय," मी म्हणालो.

"ठावं हाय. पिराजीची गाडी हितनं गेली तवाच आवाजावरनं कळलं, रिंग उलटी हाय."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"सांगाय तुझ्याकडं यायला लागलं असतं की!"

मग त्यानं मशीन बंद केलं. दोघंही हसलो. म्हणाला, उद्या शिवरात्र आहे, घरी ये, वहिनीलाही आण. आव्वाला आता पायऱ्या उतरवत नाहीत म्हणे.

२१ फेब्रुवारी, शिवरात्र

आव्वाला विचारलं, "रोज एवढ्या मालाला इभूती लावतीस, बोटं दुखत न्हाईत व्हय?"

म्हणाली, "रोज कुठं? त्या एकालाच लावलीया. विरू म्हणाला, हे आण्णाच्या हातात जानार हाय. म्हटलं, तुझं कपाळ तर गावत न्हाय."