बासची बुटकी घोडी

सातारा, दि. १२-२-१९९४

ती. राजारामकाकांस,
मायाचा सविनय जयभीम. वि. वि. इकडे सर्व खुशाल.

तुम्ही पलटणीच्या बँडात वीस वर्षं वाजवलेला डबल बास आमच्याकडे येऊन दोन वर्षं झाली, तरी शेजारच्या रंगुबाई त्याला अजून 'ते मोठं फिडेल' म्हणतात आणि मी वाजवायला घेतला की दाराला कडी घालतात.

चेष्टा सोडा, काका. माझी बोटं हरली. तारा पट्टीपासून इतक्या उंच आहेत की दोन गाण्यांत फोड येतात. चौदा एप्रिलला आमच्या भीमगीतांच्या पार्टीचा कार्यक्रम आहे. पार्टी चालवणारे प्रशांतदादा म्हणाले, जमत नसेल तर बास राहू दे, नुसती कोरसात उभी राहा. मला रडूच आलं. मिरजेचे नानासो सतारी करतात. ते म्हणतात, तारा ज्या लाकडी घोडीवर टेकतात ती वरून कानसली की तारा खाली येतील. करू का? लवकर कळवा.

काकींना जयभीम. लोभ आहेच, तो असाच राहो.
तुमची,
माया

कुंडल, दि. २०-२-१९९४

चि. माया हिस,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र वाचून डोकं फिरलं. घोडीला कानस लावायची न्हाई! मेसमधी साहेबांच्या जेवणाला तीन-तीन तास उभा राहून वाजवलाय मी, कुणी तारा खाली घेतल्या न्हाईत. फोड आलं तर मीठपाण्यात हात घाल. एकदा कानसलं की ते लाकूड परत येत न्हाई. आन् तो सतारवाला तिला तंबोऱ्यागत सपाट करून ठेवील. मग गज एका तारंवर टेकायचाच न्हाई, चारी तारा एकदम कोकलतील.

तुझी काकी चार दिवस तिकडं येतीया. तिच्यासंगं गूळ धाडलाय. राग मानू नको.
तुझा काका,
राजाराम

सातारा, दि. ५-३-१९९४

ती. काकांस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं ऐकलं. जुन्या घोडीला कानस लागली नाही, ती धडप्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवलीय. नानासोंनी दुसरीच घडवली, अर्धं बोट बुटकी, वरची कमान मात्र तशीच. आवाज थोडा मऊ झाला, पण काल मी आठ गाणी वाजवली! दादा आता कोरसाचं नाव काढत नाहीत.

एक विचारते, रागावू नका. घरात जागा नाही म्हणून बास दिला, असं तुम्ही म्हणाला होता. बनाकाकी म्हणाल्या, जागा होती. तुमची बोटं आखडलीत, तार दाबली जात नव्हती. काका, एकदा येऊन वाजवून बघता का?

माझ्यावर माया असू द्या.
माया

कुंडल, दि. १४-३-१९९४

चि. मायास,
आशीर्वाद.

तुझ्या काकीशी दोन दिवस बोललो न्हाई. मग पत्र पुन्यांदा वाचलं. व्हय, जागा हुती. डाव्या हाताची बोटं वळंनात, आन् बास समोर दिसला की जेवण जाईना, म्हणून तुझ्याकडं धाडला. जी तार मला दाबंना, ती तुला सोपी झाल्याली मला बघवली नसती. म्हणून कानस लावू दिली न्हाई. चुकलं माझं. लय चुकलं.

चौदा एप्रिलला तूच वाजवायचं. पर येत्या रविवारी पहिल्या एस.टी.नं मी येतोय. नवी घोडी हाय तशी राहू दे. मी वाजवून बघणार हाय. त्या वक्ताला खोलीत तू एकटीच थांब, दुसरं कुणी नको.

म्हाताऱ्यावर जीव असू दे.
तुझा काका,
राजाराम